शेवटच्या आळीचा काटा

बापूराव आमच्या घरी एका आठवड्यात चार वेळा वारले, आणि चारही वेळा अगदी शेवटपर्यंत त्यांचं बीपी उत्तम होतं.

घाबरू नका. बापूराव हा यंत्रमानव आहे. परवाना परीक्षेत (जी पास झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही ती परीक्षा) नापास झालेल्यांना नर्सिंग कॉलेज पंधरा दिवसांसाठी असा एक सराव-रुग्ण घरी देतं. त्याला कातडी आहे, नाडी आहे, घामही येतो. आमच्या बापूरावाला दुखणं नेमून दिलं होतं ते असं : छपरावरच्या सौरपाट्या पुसताना शिडीवरून पडला, डाव्या बरगड्यांखाली दुखतंय, बाहेरून साधा ओरखडाही नाही. आत्याने त्याला तपासायचं आणि वेळेत डॉक्टरांना बोलवायचं. वेळ चुकली की तो डोळे मिटायचा आणि नम्रपणे म्हणायचा, "मी वारलो. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्याच्या त्या 'कृपया'ने माझं डोकंच फिरायचं.

शार्वी आत्या ही माझ्या बाबांची धाकटी बहीण. बारा वर्षं तिने दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलं. चादरी बदल, पेशंटला कुशीवर वळव, कुणाला पाणी पाज. मग बत्तिसाव्या वर्षी हट्टाने नर्सिंगला प्रवेश घेतला. लोक हसले. ती शिकली. पण परवाना परीक्षेत दोनदा आपटली. तिसरी संधी शेवटची. ती गेली की आयुष्यभर चादरी. परीक्षेला अकरा दिवस उरले होते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने खडूने लिहून ठेवलं होतं : 'वरचा आकडा नव्वदखाली गेला की घंटा.' बीपीचे दोन आकडे असतात, हे तुम्ही ऐकलं असेल. हृदय आवळतं तेव्हा रक्ताचा नळ्यांवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. कॉलेजने एक तक्ता दिला होता. त्यात लिहिलं होतं की वरचा आकडा नव्वदखाली गेल्यावर डॉक्टरांना हाक मारायची. आत्या पोळ्या लाटताना, भांडी घासताना तो तक्ता घोकायची.

आणि बापूराव? सुरुवातीला वरचा आकडा एकशे अठरा, खालचा अठ्ठ्याहत्तर. अर्ध्या तासाने एकशे चौदा आणि ब्याण्णव. छान! आणि मग धाडकन ब्याऐंशी. आत्या घंटा वाजवायची, पण तोवर "मी वारलो."

"हा लबाड आहे," मी म्हणाले. "याला दुरुस्तीला पाठवू."

"लबाड न्हाई गं," आत्या डोकं धरून म्हणाली. "मलाच काहीतरी दिसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी बाबांचा डबा घेऊन टाकीच्या टेकडीवर गेले. माझे बाबा, विहान खिलारे, आमच्या सोनखडक गावाचे व्हॉल्व्हमन. गावाचं पाणी त्यांच्या हातात असतं. कोणत्या आळीला किती वेळ सोडायचं, हे ते हातभर लांबीच्या लोखंडी चावीने ठरवतात. यंत्रमानव आले, उडती टपालगाडी आली, पण आमच्या नगरपालिकेची ती चावी काही बदलली नाही.

बाबा घामाघूम होऊन पळत होते. जमिनीखाली मोठा नळ कुठेतरी फुटला होता आणि टाकीतलं पाणी झपाट्याने उतरत होतं. त्यांनी दुसरा पंप सुरू केला. मग एकेक आळी बंद करत सुटले. सगळ्यांत आधी बंद केली ती शेवटची आळी. म्हणजे आमची! दर वेळी आमचीच. मला भयंकर राग येतो याचा.

टेकडीवरून दवाखान्याकडे जाणाऱ्या नळावर दाब दाखवणारं घड्याळ होतं. त्याचा काटा तीनवर ठाम उभा.

"बाबा, काटा तर तीनवर आहे. मग फुटलंय कुठे?"

"काटा तीनवर हाय, कारण मी त्यो तीनवर ठेवलाय," बाबा ओरडले. "पंप डबल चालवलाय, आळ्या तोडल्यात. दवाखान्याचा दाब पडू द्यायचा न्हाई, हुकूम हाय मला."

"आणि टाकी संपली की?"

"मग अडीच न्हाई, दोन न्हाई. एकदम खाली. तेच्या आत फूट सापडली पायजे."

"मग पाणी गळतंय हे आधी कुणाला कळतं?"

बाबांनी कपाळाचा घाम पुसला. "आपल्या आळीला. नळ कोरडा पडतो ना. पण आपल्याला इचारतंय कोण?"

मी डबा तिथेच ठेवला आणि जी पळत सुटले ती थेट बापूरावाच्या खाटेपाशी थांबले. आत्या पाचव्या वेळी त्याचं बीपी घेत होती. एकशे चौदा, ब्याण्णव. मी चादर उचलली आणि बापूरावाचे पाय धरले. गार. माठाला हात लावल्यासारखे गार.

"आत्या! याच्या शेवटच्या आळीचं पाणी तोडलंय!"

आत्याला वाटलं, मला ऊन लागलं. मी धापा टाकत टेकडीवरची सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. मग तिने खडू घेतला, भिंतीवरचा 'नव्वद' पुसला आणि मला समोर बसवून बोलायला लागली.

"बापूरावाची प्लीहा फुटलीय. प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्तानं भरलेला मऊ अवयव. रक्त पोटातच गळतंय, म्हणून बाहेर थेंब दिसत न्हाई. आता नळ्यांत रक्त कमी, मग दाब उतरायला हवा की न्हाई?"

"हवा."

"पण मानेतल्या मोठ्या नळ्यांत दाब ओळखणारी टोकं असतात. ती मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाला सांगतो, पळ. म्हणजे झाला डबल पंप! बघ, नाडी शहाण्णववरून एकशे सव्वीसवर गेलीय. मग कातडी, हात-पाय, आतडी, मूत्रपिंडं, यांच्या बारीक नळ्या आवळल्या जातात. सगळं रक्त मेंदूकडं आन हृदयाकडं वळवतात. म्हणून पाय गार, लघवी कमी. आन नळ्या आवळल्या म्हणून खालचा आकडा वर चढतो. अठ्ठ्याहत्तरचा ब्याण्णव झाला, आन मी त्याच्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं न्हाई!"

याला म्हणतात भरपाई (कमी पडलेलं शरीराने आपल्या जोरावर भरून काढणं). आणि अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेला म्हणतात शॉक. भरपाई चालू आहे तोवर शॉक लपून राहतो. टाकी संपली की भरपाई कोसळते, आणि ती सावकाश कोसळत नाही. आजारात शरीराच्या आत काय बिघडतं आणि का, हे सांगणाऱ्या या शास्त्राचं नाव पॅथोफिजिऑलॉजी. आत्या या विषयात दोनदा नापास झाली होती, कारण तिने 'किती' पाठ केलं होतं आणि 'का' विचारलंच नव्हतं.

तुम्हीही एक गंमत करून बघा. हाताचं बोट छातीच्या उंचीवर धरा. त्याचं नख पाच सेकंद दाबा, म्हणजे ते पांढरं होईल. सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. थंडीत बसला असाल तर जरा जास्त वेळ लागेल. बापूरावाला पाच सेकंद लागले.

आत्याने लगेच घंटा वाजवली. त्याला आडवा ठेवला, पांघरूण घातलं, रक्ताची सोय करायला सांगितलं. तो वारला नाही. "मला जरा बरं वाटतंय," म्हणाला.

मी नाचले. आत्या मात्र रडत होती, आणि ते रडणं रागाचं होतं.

"बारा वर्षं मी लोकांच्या पायावर चादरी घातल्यात, अन्वी. पाय गार लागले की मला आतून कळायचं, ह्याचं काही खरं न्हाई. कॉलेजात पहिल्याच दिवशी सांगितलं, वॉर्डातलं विसरा, तक्ता पाठ करा. आन मी विसरले! आता न्हाई विसरायची."

परीक्षेच्या दिवशी नातेवाइकांना काचेपलीकडे बसू देतात. आत खाटेवर बापूराव नव्हता. नऊ वर्षांची एक मुलगी होती, अर्थात यंत्राची. दोन दिवस जुलाब आणि उलट्या. वरचा आकडा शंभर. तिच्या वयाला अगदी बरोबर. आम्ही रक्ताचा सराव केला होता आणि इथे तर रक्तच नव्हतं!

आत्याने आकडा पाहिला आणि चादर उचलून पाय धरले. नख दाबलं. नाडी मोजली. मग सरळ घंटा वाजवली.

छतातून परीक्षक यंत्र बोललं, "दाब योग्य आहे. नियमाबाहेरची पायरी. दोन गुण वजा. पायरी मागे घ्यायची आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली आणि तिने सलाईनची तयारी सुरू केली.

"आणखी दोन गुण वजा. मागे घ्यायची आहे का?"

"नाही म्हणते ना! गळती रक्ताची नसली म्हणून काय झालं? पाणी गेलं तरी टाकी रिकामीच होते. मुलांची शरीरं तर भरपाई फार चिवटपणे करतात. आकडा पडायची वाट बघितली, तर ही पोरगी जाईल."

"आणखी दोन गुण वजा."

काचेपलीकडे मी हाताची नखं खात होते. पास व्हायला पन्नास लागतात. निकालाच्या पाटीवर आकडा उमटला : अठ्ठेचाळीस. नापास. आणि त्याच क्षणी खाटेवरची मुलगी उठून बसली आणि म्हणाली, "मला तहान लागलीय."

आत्या जागची हलली नाही. "मी हरकत नोंदवते," ती म्हणाली. "माणूस परीक्षक बोलवा."

आल्या त्या कुरणे सिस्टर, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी सगळी नोंद वाचली आणि विचारलं, "आकडा चांगला असताना घंटा का वाजवलीत?"

"आकडा चांगला होता, कारण तिचं शरीर तो चांगला ठेवत होतं," आत्या म्हणाली. "मी शेवटच्या आळीला विचारलं, मॅडम. तिथं पाणी नव्हतं."

 सिस्टर खाटेपाशी गेल्या आणि त्यांनी स्वतः त्या मुलीचे पाय चाचपले. "आम्ही शिकलो तेव्हा आधी पायालाच हात लावायचो," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. वजा झालेले सहा गुण त्यांनी आपल्या सहीने परत दिले. चोपन्न! आणि खाली लिहिलं : 'तक्ता बदलावा.'

तो बदलायला आठ महिने लागले. आत्याने सोळा पत्रं लिहिली. सतरावं मी लिहिलं, पण ते नगरपालिकेला : 'आमच्या आळीत दाबाचा काटा बसवा.' तिथले साहेब हसले. "जिथलं पाणी सगळ्यांत आधी बंद होतं तिथे काटा कशाला, बाळ?"

"म्हणूनच," मी म्हणाले आणि तिथून हललेच नाही. आत्याकडून शिकले होते.

आता तो काटा आमच्या नळाशेजारी भिंतीवर आहे. काल सकाळी साडेसातला तो दोनवरून दीडवर आला. दवाखान्याचा काटा तेव्हा तीनवर ठाम होता. मी बाबांना फोन केला. नऊच्या आत फूट सापडली, आणि काल पहिल्यांदा एकाही आळीचं पाणी तोडावं लागलं नाही. आमचंसुद्धा.