मालक १००७

पटो न पटो, हे घडलंय. पेनिना माझी सख्खी मावसबहीण, आणि थापा मारणं तिला जमतच नाही. उलट इतकी रोखठोक, की लग्न जमायला पस्तिशी उजाडली.

दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं एक छोटं इस्पितळ. नाव मुद्दाम सांगत नाही, माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत. गेल्या वर्षीचा जुलै. गुरुवार. संध्याकाळचे सहा वीस.

इस्पितळात सर्व्हर एकच, औषधांच्या कोठीमागच्या खोलीत. प्रत्येक यंत्र आपलं काय चाललंय ते त्याला एकेका ओळीत कळवत राहतं. कुठली ओळ ठेवायची, कुठली फेकायची, कुठल्या ओळीला नर्सच्या खोलीतली घंटा वाजवायची, हे सांगणाऱ्या तिथे फाइली असतात. त्यांना नंबर असतात. लहान नंबरची फाइल आधी वाचली जाते. तिने ओळ फेकली, की मागच्या फाइलींना ती दिसतच नाही.

या फाइली वीस वर्षं उआलेसीने सांभाळल्या. मार्चमध्ये तो गेला. छातीत कळ आली, त्या खोलीतल्या खुर्चीतच. पेनिना त्याच्याच हाताखाली शिकलेली. नियमाप्रमाणे तिने त्याचं खातं पुसून टाकलं. खातं पुसलं की त्या माणसाच्या जुन्या फाइलींवर मालक म्हणून नाव दिसत नाही, नुसता आकडा उरतो.

उआलेसीचा आकडा १००७.

जुलैमध्ये डिस्क भरत आली. कारण, बाळांच्या खोलीतलं दोन नंबरचं ऑक्सिजनचं यंत्र. कसलं वेड लागलं होतं कोण जाणे, दर सेकंदाला एकच ओळ. दाब ठीक. दाब ठीक. दाब ठीक. त्याचा स्वतःचा भोंगा खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्लेला. आणि त्याच यंत्रावर पेनिनाच्या धाकट्या बहिणीचं, एसेताचं, नऊ दिवसांचं बाळ होतं.

नवी डिस्क बोटीने यायला दोन आठवडे. मग पेनिनाने एक फाइल लिहिली, नंबर दहा. 'ठीक'च्या ओळी फेक, बाकीच्या ठेव. बास.

उआलेसी असता तर ओरडला असता. तो म्हणायचा, "पोरी, बडबडणाऱ्याचं तोंड बांधू नये. तो गप्प झाला की कळणार कसं?"

पण घाई होती. साडेसहाला प्रार्थनेची घंटा होते. म्हणजे फणसाला टांगलेलं रिकामं सिलिंडर दगडाने बडवतात. ते वाजलं की हातातलं काम टाकायचं, रस्त्यावर दिसायचं नाही. तिने फाइल ठेवली, तपासायचं उद्यावर ढकललं, खोलीला कुलूप लावलं आणि ओसरीत पहारेकरी लोतोकाकांशेजारी चटईवर बसली.

डोळे मिटले. स्तोत्र सुरू झालं.

आणि आतून... टक. टक टक.

कळफलक.

दोन बोटांनी, अडखळत. उआलेसी तसाच टाइप करायचा.

तिने डोळे उघडले. दाराच्या काचेतून खोली दिसत होती. खुर्ची रिकामी.

"डोळे मीट," लोतोकाका पुटपुटले. "नाहीतर देवाऐवजी दुसरंच कुणीतरी दिसेल."

प्रार्थना संपल्यावर तिने कुलूप काढलं. पडद्यावर एक नवी फाइल होती. नंबर शून्य. सगळ्यांच्या आधी वाचली जाणारी. आत एकच हुकूम... दोन नंबरची प्रत्येक ओळ ठेव, आणि घंटेच्या फाइलीपर्यंत पोचव.

वेळ सहा एकेचाळीस.

मालक १००७.

कुणी आत शिरल्याची सर्व्हरवर नोंद नाही. किल्ली तिच्याच कमरेला.

"काका, ही मस्करी कुणाची? खरं सांगा!"

"मला साधा फोन लावता येत नाही, आणि मी फाइली लिहू?" लोतोकाका हसले. मग हसू ओसरलं. "त्याची खुर्चीवरची उशी काढून टाकलीस ना? त्याला राग आला असेल."

"मेलेल्या माणसाला कसला राग? डिस्क भरली तर सगळंच बंद पडेल, ते कोण निस्तरणार?"

तिने फाइल पुसली. पासवर्ड बदलले.

शुक्रवारी प्रार्थनेनंतर फाइल परत तिथेच.

आता मात्र ती चिडली. भीतीला रागाचं सोंग दिलं, असं तीच मला म्हणाली. शनिवारी दुपारी तिने फाइल पुन्हा पुसली आणि ठरवलं, आज प्रार्थनेला बसायचंच नाही. आत बसायचं, बघायचं.

लोतोकाकांनी हात जोडले. "पोरी, नको. या वेळी काम करू नये."

"काम कुठे करतेय? राखण करतेय."

सिलिंडर वाजलं. बाहेर सगळं गाव चिडीचूप. कुत्रंसुद्धा भुंकेना.

ती पडद्यासमोर उभी राहिली. खुर्चीत बसायचा धीर झाला नाही.

सहा पस्तीस. काही नाही.

सहा अडतीस... सर्व्हरचा पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज ऐकू येईना. कोकोचा वास आला. भाजलेल्या, काळ्या, साखर कमी घातलेल्या कोकोचा, उआलेसी रोज प्यायचा तशा.

सहा एकेचाळीस.

कळफलकाला कुणी हात लावला नाही. पण यादीत फाइल होती. नंबर शून्य.

"उआलेसी," ती कशीबशी म्हणाली, "मी काय चुकले? सांग ना!"

खुर्ची जराशी करकरली, इतकंच.

आणि नर्सच्या खोलीतली घंटा वाजली.

प्रार्थना अर्ध्यावर टाकून नर्स धावली. पेनिना मागोमाग. दोन नंबरचा दाब उतरला होता. बाळाचे ओठ निळे पडले होते. एसेता डोळे मिटून शेजारी स्तोत्र म्हणत होती, तिला पत्ताच नव्हता. नर्सने नळी सिलिंडरला जोडली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

बाळ रडलं.

पेनिना भिंतीला धरून खाली बसली आणि तीही रडली.

नंतर तिने आपली दहा नंबरची फाइल उघडली. 'ठीक' हा शब्द शोधून फेकायचं सोडून तिने यंत्राचंच नाव लिहिलं होतं. दोन नंबरची ओळ कुठलीही असो, थेट कचऱ्यात. 'दाब उतरला' सुद्धा. शून्य नंबरची फाइल नसती, तर घंटा वाजलीच नसती.

राजधानीतून, आपियाच्या कचेरीने कळवलं, घड्याळ चुकलं असेल, जुनी फाइल परत आली असेल. असेलही. तिने वाद घातला नाही. दहा नंबरची फाइल काढून टाकली, शून्य नंबरची राहू दिली, नवी डिस्क येईपर्यंत जुन्या ओळी हाताने पुसत राहिली. उआलेसीच्या घरापुढे त्याची कबर आहे, तिथे कपभर कोको ठेवून आली. उशीही खुर्चीवर परत ठेवली.

गोष्ट इथे संपली असती तर मीही सांगितली नसती.

या फेब्रुवारीत त्या फाइलीत एक ओळ वाढली. चार नंबरची प्रत्येक ओळ ठेव, आणि घंटेच्या फाइलीपर्यंत पोचव.

बाळांच्या खोलीत यंत्रं तीनच होती.

महिन्याभराने ऑकलंडच्या चर्चवाल्यांनी एक नवं यंत्र पाठवलं. पेनिनाने ते परत पाठवा म्हणून हातापाया पडून सांगितलं. कारण काय देणार? डॉक्टर हसले. शेवटी लोतोकाका म्हणाले, "मग त्याला चार हा नंबर देऊच नकोस ना."

तिने त्याला पाच नंबर दिला. चार नंबर कुणालाच नाही.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर तिने फाइल उघडली.

चारची ओळ गेली होती. तिथे पाच होतं.

यंत्र नवंकोरं आहे, छान चालतंय. 'ठीक' कळवतंय. काल त्यावर एक मुलगी ठेवली, दोन दिवसांची.

पेनिना आता प्रार्थनेला ओसरीत बसत नाही. पाच नंबरच्या यंत्राशेजारी, हातात भरलेल्या सिलिंडरची नळी धरून बसते. डोळे उघडे ठेवून.