झाडूच्या मागे कोणी नसतं

आधीच सांगते, ज्यांना हसायचं असेल त्यांनी पुढे वाचू नका. आमच्या गावात हसणारे पुष्कळ आहेत, आणखी नकोत.

हे ऐकीव नाही. माझ्यासोबत घडलंय. मी सोलांज. क्रूज भागातल्या शांतरेन गावात जन्मले, तिथेच लग्न केलं, तिथेच राहते. आणि ही रात्रीबेरात्रीची गोष्ट नाही. ऑक्टोबरातला शेवटचा रविवार होता. सकाळची वेळ. धुकं होतं, पण चांगला उजेड होता.

त्या रविवारी दरवर्षी आमचा क्लब डोंगरी सायकलींची फेरी काढतो. लांबलांबून लोक येतात. चेस्टनटच्या रानातून, जुन्या दगडी गावांतून चिखल उडवत फिरतात, मध्ये थांबून सॉसेज आणि चीज खातात आणि दुपारी गावच्या हॉलमध्ये सूप प्यायला येतात. आदल्या दिवशी आम्ही वाटेवर बाण रोवतो, झाडांना फिती बांधतो.

सगळ्यांच्या शेवटी एक जण जातो. रेंगाळणाऱ्यांना तो पुढे हाकतो आणि जाता जाता बाण उपटतो, फिती काढतो.

त्याला आमच्याकडे झाडू म्हणतात.

गेली कित्येक वर्षं झाडू मीच. कारण दुसरं कोणी तयारच होत नाही! पुढे जाऊन सॉसेज खायला सगळे हजर, मागचं आवरायला सोलांज.

झाडूचा नियम एकच. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. तो गेला की वाटेवर एकही खूण उरत नाही.

त्या वर्षी तर या नियमावर सगळंच अवलंबून होतं. व्हेर्न्यादच्या रानातून वाट मिळावी म्हणून क्लबचा अध्यक्ष एव्हरार शिकाऱ्यांच्या हातापाया पडला होता. शेवटी ठरलं ते असं. आधी सायकली जातील. झाडू रानाबाहेर पडला आणि वॉकीटॉकीवर ‘रान मोकळं’ म्हणाला, की शिकारी शिंग फुंकतील आणि रानडुकरांना हुसकावणारा हाका सुरू होईल.

म्हणजे माझ्या मागे कोणी राहिलंच, तर ते बंदुकांसमोर.

त्यातली एक बंदूक माझ्या नवऱ्याची होती. बाझिलची.

सकाळी स्वयंपाकघरात तो नारिंगी जाकीट चढवत होता, मी पिवळं.

“आज लवकर आटप हं, झाडूबाई,” तो म्हणाला. “मागच्या वेळेसारखी कोणाची चेन लावत बसू नकोस. डुकरं तुझ्यासाठी थांबायची नाहीत.”

“मग तूच ये की मागून. ते पोट घेऊन व्हेर्न्यादचा चढ चढून दाखव.”

“पोट आहे म्हणून तर बंदूक स्थिर राहते,” तो हसला. माझ्या कपाळावर ओठ टेकवून गेला.

फेरी सुरू झाली. सगळ्यात मागे लिमोजहून आलेलं एक जोडपं होतं. दर चढाला बाई उतरायची आणि नवऱ्याला बोल लावायची. मी त्यांना ढकलत, चुचकारत रानाच्या कडेपर्यंत आणलं. ती दोघं पुढे डांबरी रस्त्याकडे उतरली. त्यांचं भांडण कितीतरी वेळ ऐकू येत होतं.

मग तेही थांबलं.

रानाचा शेवटचा तुकडा आणि मी. उजाड पडलेल्या व्हेर्न्यादच्या घरांपाशी गावाची जुनी, कपडे धुण्याची दगडी कुंडी आहे. तिथला बाण उपटला, पाठीवरच्या पिशवीत खोचला आणि निघाले.

तेवढ्यात मागून...

टिक... टिक... टिक... टिक...

पॅडल न मारता सायकल सोडून दिली की मागचं चाक वाजतं ना, तो आवाज.

मी ब्रेक दाबला.

आवाज थांबला.

“कोण आहे?” मी ओरडले. “चला हो पटापट! बाण काढलेत मी!”

मला राग आला. एवढा वेळ हा प्राणी कुठे दडून बसला होता? झाडीत बसला असेल पोट मोकळं करत. मी पाय आपटत थांबले. धुक्यातून कोणीच आलं नाही.

वॉकीटॉकी खरखरला. एव्हरार होता.

“सोलांज, कुठे आहेस तू? इथे सगळे आले.”

“सगळे कसे येतील? माझ्या मागे एक आहे.”

“अगं, सगळ्यांच्या नंबराच्या पाट्या परत आल्यात. ते लिमोजचे शेवटचे होते. सूप पितायत.”

“मग माझ्या मागे कोण आहे?”

“कोणी नाही. झाडूच्या मागे कोणी नसतं. ये आता.”

मी निघाले. जरा पुढे गेले असेन.

फट्...

मी जागीच थिजले. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. ओल्या मातीतून बाणाची काठी उपटली की असा आवाज येतो. मागोमाग काठीवर काठी आपटल्याचा आवाज. पिशवीत खोचल्यावर येतो तसा.

मागे तर मी एकही बाण ठेवला नव्हता.

आता मात्र डोकं फिरलं. सायकल झाडाला टेकवली आणि पायीच मागे गेले. कुंडीपर्यंत. बाणांच्या जागी रिकामी भोकं होती. फिती नव्हत्या. माणूस नव्हता. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

चिखलात मात्र चाकांच्या खुणा होत्या... दोन सायकलींच्या.

बाकीचे सगळे कुंडीच्या वरच्या अंगाने गेले होते. बाण काढायचा म्हणून खालून फक्त मी आले होते. एकदाच. माझ्या मागच्या टायरचा एक रबरी उंचवटा तुटलेला आहे, त्यामुळे चिखलात ठरावीक अंतराने सपाट ठिपका उमटतो.

तो ठिपका दोन्ही खुणांत होता.

वॉकीटॉकीवर आता गास्पारबाबांचा आवाज आला. हे शिकाऱ्यांचे म्होरके. वय झालंय, पण जीभ अजून तिखट आहे.

“पोरी, विणकाम करायला बसलीस का तिथे? माझी माणसं दवात भिजतायत. कुत्री तर भुंकून भुंकून...”

ते मध्येच थांबले.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही. गप्प झाली एकदम. सगळीच्या सगळी.” मग पुन्हा खेकसले, “रान मोकळं आहे का नाही, ते सांग!”

“नाही. कोणीतरी आहे माझ्या मागे.”

“कोण?”

“दिसत नाही, बाबा. ऐकू येतंय.”

पलीकडे कोणीतरी फिदीफिदी हसलं. एव्हरार मध्ये पडला. “सोलांज, कृपा कर! पुढच्या वर्षी ही माणसं रान देणार नाहीत. वर्षभर मी यांच्या मिनतवाऱ्या केल्यात!”

“आणि कोणाला गोळी लागली तर? मग कोणाच्या मिनतवाऱ्या करशील?”

“कोणाला लागणार? सगळे इथे आहेत!”

त्याचंही बरोबर होतं. सगळे परत आले होते. आणि तरी मी पाठ वळवली की मागे...

टिक... टिक... टिक...

दोनदा परत गेले. हाका मारल्या, शिव्या घातल्या, शेवटी विनवण्याही केल्या. “अहो, बाहेर या. आता इथे बंदुका चालणार आहेत. मी रागावणार नाही.” घसा बसला माझा. रडू यायला लागलं, भीतीपेक्षा चिडून. सगळं गाव एका बाजूला आणि मी एका बाजूला, तेही अशा माणसासाठी, जो ‘ओ’ सुद्धा देत नव्हता!

शेवटी रान संपलं. मी रस्त्यावर उभी राहिले आणि वॉकीटॉकीत स्पष्ट म्हणाले, “मी बाहेर आले आहे. पण रान मोकळं नाही. ऐकलंत? रान मोकळं नाही.”

वॉकीटॉकी खरखरला.

मग एव्हरार. “गास्पारबाबा, अध्यक्ष म्हणून मी सांगतो. सगळे परत आलेत. रान मोकळं.”

“नाही! बाबा, ऐका माझं...”

शिंग वाजलं.

मी ओरडत राहिले. शिकारी आता त्यांच्या वेगळ्या चॅनेलवर गेले होते. कोणाला ऐकू जाणार?

मग बार झाला. एकच.

त्यानंतर काही नाही. डुक्कर पडलं की शिंग वाजवतात, तेही वाजलं नाही. कुत्र्यांचा आवाज नाही. मी किती वेळ त्या रस्त्यावर उभी होते, मला सांगता येणार नाही.

हॉलमध्ये गेले तर जत्रा भरलेली. एव्हरारने माझ्या हातात सुपाचा वाडगा दिला. “बघ, झालं ना सगळं नीट? उगाच जीव खाल्लास माझा.” वाडगा त्याच्या डोक्यावर पालथा करायची इच्छा मी कशीबशी आवरली.

तेवढ्यात शिकारी आले. गास्पारबाबांनी बाझिलला दंडाला धरून आणलं होतं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता.

त्याने मला पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

“बाझिल? अरे, काय झालं?”

“वळ,” तो म्हणाला.

“काय?”

“पाठ दाखव. वळ!”

मी वळले. सगळ्या हॉलसमोर तो माझ्या पिवळ्या जाकिटावर हात फिरवत राहिला. वरपासून खालपर्यंत. काहीतरी शोधत होता.

“कधी बाहेर आलीस तू?”

“शिंगाच्या आधी. एव्हरारला विचार.”

त्याने मान हलवली. “नाही. नाही आलीस.”

घरी आल्यावर त्याने सांगितलं. कुंडीच्या वरच्या बाजूला तो उभा होता. डुक्कर आलं. त्याने गोळी झाडली. डुक्कर पळालं. धुकं थोडं हललं, तर डुकराच्या मागे त्याला मी दिसले... वाकून बाण उपटत होते. मग मी हळूच चिखलात बसले. शेजारी माझी सायकल पडली. तिचं चाक फिरत होतं.

“मी पळत आलो तुझ्याकडे,” बाझिल म्हणाला. “तू माझ्याकडे बघितलंस. चिडली होतीस.”

“काही बोलले मी?”

“म्हणालीस, मी सांगत होते ना, मागे कोणीतरी आहे म्हणून. कोणीच कसं ऐकत नाही माझं?”

तो गुडघ्यांवर बसला, तोवर तिथे काही नव्हतं. सगळ्यांनी मिळून शोधलं. रक्त नाही, सायकल नाही. गास्पारबाबा म्हणतात, धुक्यात डोळे फसतात. एव्हरार म्हणतो, नवरा-बायको दोघांनी मिळून त्याची फेरी बुडवली. रानाची परवानगी गेली ती गेलीच. अजूनही बाजारात लोक मला विचारतात, “काय झाडूबाई, मागे कोणी आहे का आज?”

हसू देत. मला त्याचं काही नाही.

बाझिलने बंदूक विकली. माझ्याशी तो नीट वागतो. अगदी जपून वागतो, पाहुण्यांशी वागावं तसं. रात्री मला जाग येते, तेव्हा तो उठून बसलेला असतो आणि माझ्याकडे बघत असतो.

आणि आता दर रविवारी सकाळी तो व्हेर्न्यादच्या रानात जातो. एकटाच. सोबत एक घोंगडी आणि थर्मासमध्ये गरम कॉफी घेतो. मी विचारलं, कशाला जातोस? तर म्हणाला,

“ती अजून बाहेर आलेली नाही.”

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहते. दोन्ही खांदे धरून त्याला हलवते. ओरडते, “अरे, मी आले ना बाहेर! ही काय, तुझ्यासमोर उभी आहे!”

तो मान डोलावतो. “हो गं,” म्हणतो.

मग बूट घालतो आणि जातो.