मोकळं सोडलेलं टोक

नेपानगरच्या कागद गिरणीत मी एकतीस वर्षं कागद फाडण्याचा पगार घेतला. प्रयोगशाळेत होते. कागदाची पट्टी यंत्रात धरायची, ताणायची आणि किती वजनाला तुटली ते लिहायचं. तेव्हापासून कुठलीही वस्तू दिसली की ती कितीला तुटेल हेच आधी मनात येतं. घरचे यावरून चिडवतात. चिडवोत.

निवृत्तीनंतर बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातले विणकर दिगंबरभाऊ मला शोधत आले. ती जोडणीची वर्षं होती. जमिनीपासून थेट अंतराळापर्यंत एक पट्टी उभी ताणायची आणि तिच्यावरून लिफ्टसारखी गाडी चढवायची, या कामासाठी जगात सहा गट झटत होते. प्रत्येकाने आपापला भाग केला होता आणि आता ते भाग एकमेकांना जोडून पाहायचे होते. पट्टीचा एक लहान गट आमचा, बऱ्हाणपूरचा. पट्टीचा कार्बनचा बारीक धागा मोठमोठ्या कारखान्यांत तुटत होता, आणि दिगंबरभाऊंच्या खडखडणाऱ्या जुन्या मागावर मुकाट विणला जात होता. धागे जोडायला त्यांची थोरली बहीण मालूबाई, तपासायला मी. एवढाच आमचा गट, त्यामुळे भांडणंही मोजकीच व्हायची.

फेब्रुवारीत आमची परीक्षा ठरली. नऊशे मीटर पट्टी फुग्याने वर उभी करायची आणि तिच्यावरून छोटी गाडी चढवून उतरवायची. पट्टी टिकली तर ती पुढच्या जोडणीत जाणार. तुटली तर आमचा गट बाद.

"बाद झालो त माग विकून टाकीन," दिगंबरभाऊ म्हणाले. "सुरतले पोराकडे जाऊन टीव्ही पाहत बशीन."

दवाखान्यात भरती व्हायचं असावं, तसा त्यांचा आवाज होता.

धूलकोटच्या रस्त्यावर एक मोकळं शेत आम्हाला मिळालं होतं. एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला वेचून झालेला कापूस. सकाळी सातला फुगा भरला. पट्टी त्याच्या चिमट्यात बसवताना मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. चिमट्याच्या वर वीतभर धागे सुटेच लोंबत होते. टोक डिंकाने पक्कं बंद करा, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हे काय आहे, भाऊ?"

"बंद टोक आपल्यात चालत नही ताई," ते ओशाळून म्हणाले. "बीमवरचे उभे धागे संपले का टोक मोकळंच ठेवतात. नही त पुढचा ताना जोडणारा काय धरीन?"

"नऊशे मीटरवर कोण येणार आहे जोडायला?"

"हाताची सवय हाये. ध्यानातच नही राह्यलं."

मी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. पण परवानगी अकरापर्यंतचीच होती. फुगा तसाच सोडला.

पट्टी सरळ उभी राहिली. चार बोटं रुंद, काळी, आणि शंभरेक हातांवर दिसेनाशी झालेली. खाली पट्टी गुंडाळायच्या रहाटाजवळ ताणाचा काटा होता. त्याने साठ किलो दाखवले. हिशोबाप्रमाणे साठच यायला हवे होते. गाडी घरघरत वर गेली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी काटा एकसष्टवर आला. वारा नव्हता. केळीचं पान हलत नव्हतं. मग बासष्ट. मी काट्यावर टिचकी मारली. चौसष्ट.

मग वर फट्‌ असा आवाज झाला.

फुग्याच्या पांढऱ्या चिंध्या सावकाश खाली आल्या आणि केळीत पडल्या. दिगंबरभाऊ मटकन खाली बसले. मी काट्याकडे पाहिलं. तो शून्यावर जायला हवा होता.

चौसष्ट.

पट्टी उभी होती.

गाडी वरपर्यंत जाऊन आली. न अडखळता. मी रहाट सुरू केला आणि पट्टी गुंडाळली जाऊ लागली. वरून कुणीतरी बेताबेताने सैल सोडत असावं, तशी ती येत होती. काटा जागचा हलला नाही.

शेवटी चिमटा हाताला लागला. मी रहाट थांबवला.

मोकळे धागे आता लोंबत नव्हते. ताठ वर गेले होते. त्यांच्या पुढे उन्हात मधूनच काहीतरी चमकायचं, केसाहून बारीक, आणि आकाशात नाहीसं व्हायचं.

मालूबाईंना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यांनी धाग्यांवरून बोटं फिरवली, एका कडेपासून, संथपणे.

"दोनशे चाळीस," त्या म्हणाल्या. "साऱ्या तारा जोडेल हायेत."

"तुम्ही जोडल्यात?"

"मी उजव्यानं पिळते माय. ह्या डाव्या हाताच्या गाठी हायेत. पहिल्या वीस-पंचवीस कच्च्या. मंग हात बसला त्याचा."

मला भीती वाटली, आणि लाज वाटावी इतका आनंदही झाला. ती चमकणारी तार कितीला तुटेल, हे आयुष्यात पहिल्यांदाच मला पाहावंसं वाटलं नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "सुरतचं काय मग?"

दिगंबरभाऊ उठले, धोतराची माती झटकली. डोळे भरून आले होते. "आता कसा जाऊ ताई? वरचा जोडणारा ताना लावून बसेल हाये. त्याले अर्ध्यावर सोडून जाता येते का?"

मालूबाईंची बोटं शेवटच्या गाठीवर थांबली होती. त्यांनी ती पुन्हा चाचपली.

"थुंकी लावल्याबिगर गाठ पिळता येत नही," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीच्या वाळल्या हायेत. ही पाहा बरं."

मी बोट लावलं. गाठ ओली होती, आणि कोमट.