लाल कागदाची गाठ

"नवीन पोतं आलंय का?" एसटीतून उतरल्या उतरल्या तनुजानं विचारलं.

"परवाच आलंय!" शिवम म्हणाला. "बुद्धप्रिया गोठ्यात वाट बघायलीय. चल, पळ!"

नांदेडहून उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला आलेल्या मुलीनं आधी घरी जावं, हातपाय धुवावेत, मामीला भेटावं, अशी रीत आहे. तनुजानं आपली पिशवी मामेभावाच्या, म्हणजे शिवमच्या, गळ्यात अडकवली आणि थेट बुद्धप्रियाच्या आजीचा, धुरपताबाईंचा, गोठा गाठला. लोह्याजवळच्या बोरटेकडीत मामी रोज भेटणारच होती. खजिन्याचं तसं नव्हतं!

हा खजिना म्हणजे काय, ते सांगायला हवं. लातूरच्या एका कारखान्यात बिस्किटं आणि क्रीमचे वेफर तयार होतात आणि पार परराज्यांत जातात. पण जे तुटतं, करपतं, वजनात कमी भरतं, ते दुकानात जात नाही. तो माल लोह्याचे व्यंकटराव उचलायचे, गिरणीत भरडायचे आणि 'बिस्किट चुरी' म्हणून म्हशींसाठी विकायचे. अधूनमधून एखादा पुडा गिरणीला चकवा देऊन पोत्यात यायचा. लाल प्लास्टिकच्या कागदातला, गुलाबी क्रीमचा, अख्खा!

दिवाळीच्या सुट्टीत या तिघांनी असे कितीतरी पुडे फस्त केले होते. बुद्धप्रिया आजीची नजर चुकवून पोत्याचं तोंड सोडायची, शिवम खांद्यापर्यंत हात घालायचा आणि तनुजा वाटणी करायची. खाऊन झालं की शिवम कागदाला पीळ देऊन गाठ मारायचा. सवयच होती त्याला. मग त्या गाठी टाकायच्या कुठं?

"खुपस पोत्यातच, तळाशी," तनुजा म्हणाली होती. "आजीला दिसल्या तर आपली चोरी पकडली जाईल!"

आज मात्र बुद्धप्रिया पोत्याजवळ नव्हती. ती चंद्री म्हशीच्या तोंडाशी बसली होती.

"चंद्री काही खाईना," ती म्हणाली. "रवंथ पण करंना."

चंद्रीचं पोट फुगलं होतं आणि डोळे खोल गेले होते. तिची वगार, म्हणजे लहानगी रेडकी, आचळाला ढुशा देऊन देऊन दमली होती. धुरपताबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"नजर लागली नजर," शेजारचे दगडोबा म्हणाले.

"नजर नाही आजोबा, पोटात काहीतरी अडकलंय!" तनुजा म्हणाली. "डॉक्टरांना बोलवा ना!"

लोह्याहून जनावरांच्या डॉक्टर आरतीताई आल्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि इथंच ऑपरेशन करावं लागेल म्हणून सांगितलं. चंद्रीच्या कुशीतून त्यांनी जे बाहेर काढलं, त्यानं घमेलं भरलं. लाल कागदाच्या बारीक चिंध्यांचा चिकट गोळा!

"रोज थोडा थोडा पोटात गेलाय हा," आरतीताई म्हणाल्या. "फार उशीर झाला. बघू या."

त्या हात धुवायला वळल्या. शिवम घमेल्यावर वाकला होता, तो तसाच राहिला. चिंध्यांमध्ये एक अख्खा कागद होता. पीळ देऊन गाठ मारलेला. त्यानं तो हळूच उचलून खिशात टाकला. तनुजानं ते पाहिलं. बुद्धप्रियानंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्री गेली.

भेटायला गाव लोटलं. व्यंकटरावही आले. "लई वाईट झालं," ते म्हणाले. "पण म्हसरू उकिरड्यावर चरलं की असंच व्हतंय. माझ्या चुरीत कागद असूच शकत न्हाई. कागद काढायचं वेगळं मशीन हाय माझ्याकडं!"

लोकांनी माना डोलावल्या. धुरपताबाईंनीच म्हैस मोकाट सोडली असेल, अशी कुजबुज झाली. ज्या बाईनं चंद्रीला कधी दावणीवरून ढळू दिलं नाही, त्या बाईला गावानं बोल लावला! आणि घरोघरी चुरी चालूच राहिली. शिवमचे वडील निवृत्तीमामासुद्धा आपल्या दोन म्हशींसाठी नवीन पोतं आणायला निघाले.

मुलं पिंपळाच्या पारावर बसली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"गाठी आपल्याच होत्या," शिवम पुटपुटला.

"पण चिंध्या आपण नाही केल्या," तनुजा म्हणाली. "त्या गिरणीतून आल्यात. व्यंकटराव खोटं बोलतायत!"

"आणि आपण?" बुद्धप्रियानं विचारलं. "पोत्यात कागद येतोय, हे आपल्याला दिवाळीपासून ठाऊक होतं की. वेफर बंद होतील म्हणून सांगितलं न्हाई."

तनुजा पाराच्या कडेची माती नखानं उकरू लागली. 

"आधी बाकीच्या म्हशी वाचवू," शेवटी शिवम म्हणाला. "मग सांगू."

मामांच्या मागं लागून तिघं टेम्पोत चढली. लोह्याला पोचल्यावर मामा दुकानात पैसे देऊ लागले आणि मुलं पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या शेडमध्ये शिरली. गिरणी धडधडत होती. दोन गडी कागदासकट वेफरचे पुडे तिच्यात ओतत होते!

"मग ते कागद काढायचं मशीन कुठंय?" तनुजा कुजबुजली.

"ते बघ, कोपऱ्यात."

मशीन खरंच होतं. हिरवं, चांगलं माणसाएवढं उंच. तेवढ्यात एक चिमणी चोचीत अळी घेऊन आली आणि मशीनच्या तोंडातून सरळ आत गेली. आतून चिवचिवाट उठला. बुद्धप्रिया चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं आत डोकावलं.

"घरटं!" तिचे डोळे मोठे झाले. "पिल्लं हायेत आत!"

"चालू मशीनमध्ये कुठली चिमणी घरटं बांधतेय?" शिवम म्हणाला.

तनुजाचं डोकं चालू लागलं. ती थेट व्यंकटरावांपुढं जाऊन उभी राहिली. "काका, तुमचं कागद काढायचं मशीन आम्हाला चालू करून दाखवाल? उद्या बाजाराला आमचं सगळं गाव येणारच आहे. सगळ्यांनी बघितलं की कुणी शंकाच घेणार नाही!"

व्यंकटराव खूश झाले. "या की! धुरपताबाईला बी आणा. बटन दाबलं की चालू!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी शेड गच्च भरली. मुलांनी आरतीताईंनाही बोलावून आणलं होतं. व्यंकटरावांनी टोपी सारखी केली, पुढाऱ्यासारखा हात वर केला आणि बटनाकडं बोट नेलं.

"थांबा काका!" बुद्धप्रिया किंचाळली. "आत पिल्लं हायेत!"

व्यंकटरावांचा हात हवेतच राहिला. निवृत्तीमामांनी पुढं होऊन मशीनमध्ये पाहिलं. एकेक जण येऊन पाहू लागला. चार उघड्या चोची, काड्या, कापूस आणि घरट्यात विणलेली वेफरच्या लाल कागदाची एक पट्टी! कुणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

"व्यंकटराव," आरतीताईंनी शांतपणे विचारलं, "किती दिवस बंद आहे हे?"

व्यंकटरावांनी टोपी काढून हातात घेतली. "माल तुंबत होता, ताई. मशीन लई हळू चालतंय. म्हटलं, जनावरंच तर खाणार. त्यांना काय कळतंय!"

"जनावराला न्हाईच कळत," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलाही नाही. "म्हणून तर आपुन बघायचं असतंय."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. मुलांनीही घातली, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच दिवशी गावोगावची पोती परत आली. कागद काढून सुटा केल्याशिवाय माल द्यायचा नाही, असं कारखान्यानं ठरवलं. बोरटेकडीच्या ग्रामपंचायतीत मुलांचा सत्कार झाला. सरपंच रेवणप्पांनी तिघांना हार घातले. "पोरं असावीत तर अशी! गावची म्हसरं वाचवली यांनी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग कारखान्याच्या माणसानं बक्षिसाचं खोकं पुढं ठेवलं. क्रीमच्या वेफरचं, लाल पुड्यांनी गच्च भरलेलं.

धुरपताबाईंनी स्वतः एक पुडा फोडला आणि वेफर शिवमच्या तोंडापुढं धरला. "खा बाबू. माझ्यावरचा आळ काढलात रे लेकरांनो."

शिवमला तोंड उघडता येईना. त्यानं खिशात हात घातला आणि ती गाठ आजींच्या तळहातावर ठेवली.

"ही चंद्रीच्या पोटातली हाय," तो म्हणाला. "मी मारलेली. दिवाळीत आम्ही पोत्यातले वेफर खायचो."

"कागद तळाशी खुपसायला मी सांगितलं होतं," तनुजा म्हणाली.

"पोत्याचं तोंड मी सोडायचे, आजी," एवढंच बुद्धप्रियाला बोलता आलं, आणि ती रडू लागली.

टाळ्या थांबल्या होत्या. आरतीताई हळूच म्हणाल्या, "चार-दोन कागदांनी म्हैस जात नाही रे. तो गोळा चिंध्यांचा होता."

"पण दिवाळीतच सांगितलं असतं, तर ती वाचली असती ना?" शिवमनं विचारलं.

आरतीताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मान डोलावली.

धुरपताबाईंनी ती गाठ बोटांनी चाचपून पाहिली. मग त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि उठल्या. त्यांनी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, की रागाचा शब्द काढला नाही. दाराशी जाऊन तेवढं म्हणाल्या, "उद्या सकाळी गोठ्यात या. वगारीचं खाणं तुमीच निवडायचं आता."

तिघं रोज जाऊ लागली. पेंड परातीत पसरायची, बोटांनी चाळायची, मग घमेल्यात घालायची. वगार सुरुवातीला जवळ येत नव्हती. पुढं यायला लागली, पण खाता खाता मध्येच मान वर करून चंद्रीच्या रिकाम्या खुंट्याकडं बघत हंबरायची. तेव्हा तनुजा घमेलं तिच्याजवळ सरकवायची. वेफरचं खोकं ग्रामपंचायतीतच पडून होतं. त्यांच्यापैकी कुणीही ते मागायला गेलं नाही.

सुट्टी संपली त्या दिवशी एसटी येऊन उभी राहिली, तरी तनुजाचा पत्ता नव्हता. शिवम गोठ्याकडं पळाला. तनुजा परातीपुढं बसली होती.

"अगं, गाडी सुटंल! मघाशी चाळलंस की ते!"

"हो," तनुजा म्हणाली आणि तिनं पेंडीतून पुन्हा एकदा बोटं फिरवली.