वखारीतला षड्ज

टण्ण!

तंबोऱ्याची तार तुटली आणि तिचं टोक दीनानाथ मास्तरांच्या मनगटाला ओरबाडून गेलं. देवळाच्या मंडपात ओळीने उभी असलेली मुलं जागच्या जागी चिडीचूप झाली.

"हसलं कोण?" मास्तर गरजले.

कोणीच हसलं नव्हतं.

"कालही तुटली, आजही तुटली! लढाई सुरू झाल्यापासून तारसुद्धा धड मिळत नाही." मनगटावरचं रक्त पुसून मास्तरांनी घंटेचा दोर ओढला. घंटा घणघणली. "हा आपला सा. पद्मजा, उचल!"

पेटीचा भाता उंदरांनी कुरतडल्यामुळे पेटी दोन वर्षांपूर्वी पुण्याला दुरुस्तीला गेली ती अजून परतली नव्हती. म्हणून मास्तर रोज सकाळी या घंटेवरूनच तंबोरा लावत आणि मुलांना सा देत. उद्याच्या उत्सवात सगळ्या गावासमोर मुलं गाणार होती आणि पुढे राहून गाण्याचा मान पद्मजाचा होता. ती लोणावळ्याची, मे महिन्याच्या सुट्टीसाठी इंद्रायणीकाठच्या या गावात मावशीकडे आलेली. गावातल्या मुलांना ते आधीच खुपत होतं.

पद्मजाने सा लावला. ओळ एकेक सूर चढत गेली. मध्य सप्तक संपलं, तार सप्तकातला सा कसाबसा लागला. पुढे रिषभ, मग गंधार, आणि तिथे पद्मजाचा आवाज चिरकला! मागोमाग सगळ्यांचेच आवाज फाटले.

"बेसूर! पुढची चुकली की मागचे खड्ड्यात जातात. उद्या तू गाणार नाहीस. पाया पडायला ये आणि प्रसाद घेऊन घरी जा."

"पण मास्तर, परवापर्यंत हाच गंधार..."

"चालती हो!"

पद्मजा ताडताड पायऱ्या उतरून नदीवर गेली. पाठोपाठ सोपान आणि त्याची धाकटी बहीण सरू आली.

"लोणावळ्याची कोकिळा! हवा बाधली का काय?" सोपान दात काढत म्हणाला.

"तुझाही फाटला ना आवाज? मी ऐकला!"

"तुज्यामुळंच फाटला!"

"दादा, गप की," सरू म्हणाली. "ती रडतीया."

"मी रडत नाहीये! विचार करतेय!" पद्मजाने डोळे पुसले. "सरू, खाली मंद्र पंचम लावताना तुला त्रास होतो ना?"

"व्हय. लय खोल जावं लागतंय."

"आज झाला?"

सरूने आठवून पाहिलं. "न्हाई! आज सोपा गेला."

"मलाही! त्याच्याखाली अजून जागा उरली होती. म्हणजे खाली आवाज मोकळा आणि वर अपुरा. आपल्या सगळ्यांचे गळे एकाच वेळी कसे बदलतील?"

सोपानचं हसू मावळलं. "म्हंजी गळं न्हाई बदललं. सा बदलला. वर सरकला!"

"म्हणून तर तारा तुटतात! मास्तर त्यांना नव्या सापर्यंत ताणतात आणि त्या बिचाऱ्या सोसत नाहीत. सोपान, सा कुठून येतो?"

तिघांनी एकदमच देवळाकडे पाहिलं. परवाच मंडपाची कौलं बदलली होती. देवळाचे व्यवस्थापक त्र्यंबकराव यांनी त्या कामासाठी घंटा उतरवली होती आणि मग पुन्हा टांगली होती.

सोपान खांबावरून सरसर चढला. घंटेवरून बोट फिरवलं तर बोट काळं झालं आणि खाली लखलखीत पितळ दिसलं. "काजळी फासलीया! नवी हाय ही. पयल्यापरीस ल्हान बी वाटतीया!"

"उतर खाली, माकडा!" दारात त्र्यंबकराव उभे होते. "देवाच्या घंटेला हात लावतोस? तंगडं मोडून ठेवीन!"

"काका, ही घंटा आपली नाही," पद्मजा म्हणाली.

"मास्तरांनी हाकललं म्हणून घंटेवर राग काढतेस होय? पुन्हा बोललीस तर तुझ्या मावशीच्या दारात पंचांना घेऊन येईन!"

ओट्यावर बसलेल्या माणसांनीही त्यांचीच री ओढली. सगळ्यांत वडील असलेले अंबाजी आबा तेवढे पद्मजाकडे निरखून पाहत राहिले.

"जुनी घंटा वखारीतच आसंल," बाहेर आल्यावर सोपान कुजबुजला. देवळामागची वखार त्र्यंबकरावांची. "त्यांचा गडी म्हनत व्हता, सांजच्याला सोमाटण्याहून मालट्रक येनार हाय. पर भलं मोठं कुलूप हाय. आन् आपलं ऐकनार कोन?"

पद्मजा एकदम थांबली. "आपण गातो तेव्हा खुंटीवरचा तंबोरा कोणी न छेडता गुणगुणतो, पाहिलंयस?"

"त्याच्या सुरात गायलं तर. मंग?"

"मग घंटेलाही तिचा सूर असतोच ना!"

दुपारी ऊन रणरणत होतं. वखारीसमोरच्या वडाखाली माणसं विसावली होती, मास्तरही तिथेच होते. सगळी मुलं रांगेत आली. पद्मजा खाली मान घालून त्र्यंबकरावांपुढे उभी राहिली.

"काका, चुकले. देवळात गायला मला बंदी आहे. तुमच्या वखारीच्या सावलीत थोडा वेळ गाऊ का? मास्तरांनी ऐकावं, मग खुशाल मला काढून टाकावं."

"आली ना ताळ्यावर!" त्र्यंबकराव मिश्यांतून हसले. "गा, गा. गावाची करमणूक होईल!"

मुलं दाराला खेटून उभी राहिली. आता सा द्यायला ना घंटा होती, ना तंबोरा. पद्मजा आपल्या गळ्याच्या तळाशी गेली. तिथे, अगदी शेवटच्या पायरीवर, तिचा जुना मंद्र पंचम होता. तिथून ती चढली, पंचम, धैवत, निषाद... सा! सगळ्यांनी तो उचलला. तिने हात खाली केला. सगळे एकदम थांबले.

काहीच नाही.

"झालं गाणं?" कोणीतरी खिदळलं.

"किंचित खाली," पद्मजा पुटपुटली. पुन्हा सा. भरदार, सरळ, न हलणारा. हात खाली!

बंद दारामागून आवाज आला. ऊंऽऽऽ...

वडाखालच्या माना दाराकडे वळल्या.

"मधमाश्या!" त्र्यंबकराव ताडकन उठले. "पोळं आहे आत. पळा, चावतील!"

"आता गंधार!" पद्मजा ओरडली. मुलांनी गंधार लावला. आत सामसूम. "सा!" ऊंऽऽऽ...

"काका, तुमच्या मधमाश्या सा ऐकल्यावरच कशा गुणगुणतात?"

मास्तर उठले. दाराला कान लावून म्हणाले, "पुन्हा." मुलं गायली. मास्तरांचा चेहरा उतरला. "हा आपला षड्ज आहे. याच्यावर मी दोन वर्षं तंबोरा लावला, आणि दोन दिवस मला कळलं नाही!"

"त्र्यंबक, कुलूप काड," अंबाजी आबा म्हणाले.

"आबा, पोरांचं काय ऐकता..."

"पोरांचं न्हाई. घंटंचं ऐकतुया. काड!"

दार उघडलं. आढ्याच्या कप्पीला, ट्रकवर चढवण्यासाठी तयार, जुनी पंचधातूची घंटा लोंबत होती. लढाईच्या दिवसांत अशा धातूला कुठे आणि किती मागणी होती, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सोमाटण्याचा ट्रक आला तसाच रिकामा परत गेला. आबांनी देवळाच्या किल्ल्या त्र्यंबकरावांच्या कमरेहून स्वतः काढून घेतल्या.

"मुठीएवढी पोरं," आबा म्हणाले, "आन् आमी मोठी मानसं त्या घंटंखाली हात जोडून हुबं! कुनी मान वर करून बघितलं न्हाई. शाबास गं पोरी! तू बी रं, सोप्या!"

"तरी मी म्हनतच व्हतो, पद्मजा हुशार हाय," सोपान म्हणाला.

"कधी म्हणालास?"

"मनात!"

दुसऱ्या दिवशी मंडप माणसांनी भरला. जुनी घंटा जागेवर होती. मुलं ओळीत उभी राहिली, पद्मजा सर्वांत मागे. मास्तरांनी घंटेचा दोर हातात घेतला, मग तसेच थांबले.

"पद्मजा, पुढे ये," ते नेहमीच्याच कडक आवाजात म्हणाले. "आज सा तू दे. घंटा बरोबर आहे की नाही, ते मी त्यावरून बघतो."

पद्मजाने सा लावला. मास्तरांनी दोर ओढला.

दोन्ही सूर एक झाले.