डावीकडचा पट्टा

२३ नोव्हेंबर, शनिवार. दिवसभर ढगाळ, पाऊस नाही. संध्याकाळी वारा पडला आणि हवा कोंदल्यासारखी झाली. आठच्या सुमारास वीज गेली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या कार्यालयात आम्ही तिघे शिकाऊ तसेच बसून राहिलो: दातांची तरुण डॉक्टरीण, व्यायामशाळेतला पैलवान आणि या वयात गाडी शिकायला निघालेला मी. मास्तरांनी मोबाइलचा दिवा लावून टेबलावर उभा केला. वय अडुसष्ट, त्यातली चाळीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून गेलेली, त्यामुळे माणसाविषयी आदर असा फारसा उरलेला नाही.

डॉक्टरीण म्हणाली, "मास्तर, छोटी सेडान घ्यायचा विचार आहे. स्वस्तातली. रोजच्या वापराला कशी असते?"

"गाडीचं काय विचारता? गाडीला अक्कल नसते, म्हणून ती बिघडत नाही. मालकाला थोडीशी असते, तिथे घोटाळा होतो. माझ्या साडूकडे होती तुम्ही म्हणता तसली. ऐकायचंय?"

"ऐकवा की," पैलवान म्हणाला. "नाहीतरी अंधारात काय करणार?"

"अंधारातच ऐकायची आहे ती."

पुढचं मास्तरांनी सांगितलं तसं उतरवून घेतो.

साडू रंगाच्या कंपनीचा विक्रेता. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरणं, दुकानादुकानांत नमुने दाखवणं. ऐपत जेमतेम, मिजास मोठी. त्यानं सगळ्यात खालचं मॉडेल घेतलं आणि पहिल्या दिवसापासून त्याला नावं ठेवायला लागला. आमच्याकडे जेवायला आला की हात धुवायच्या आधी गाडीचं पुराण सुरू. दार लावलं की म्हणे बिस्किटाच्या डब्याचं झाकण पडल्यासारखं वाजतं. एसी लावून चढ चढायला घेतला की इंजिन धापा टाकतं. मागे अडीच माणसं बसतात, तिसऱ्यानं अर्धं घरी ठेवून यायचं. नाव राजघराण्यातलं आणि हेडलाइट म्हणजे दोन मेणबत्त्या.

मी म्हणायचो, "मग विकून टाक." तर म्हणणार, "नको हो, लिटरला बावीस देते." म्हणजे बघा. जिच्या जिवावर चूल पेटते, तिलाच दिवसभर शिव्या. बरं, हे सगळं तो इंटरनेटवर लिहायचासुद्धा. प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर एक लेख. आणि लोक वाचायचे! रिकामटेकड्याला रिकामटेकडा भेटतोच.

त्याचा खरा दात होता तो पट्ट्याच्या घंटीवर. डाव्या सीटवर तो नमुन्यांची पेटी ठेवायचा. पेटी जड. गाडीला वाटायचं, माणूस बसलाय आणि पट्टा लावलेला नाही. की लागली, टिंग, टिंग, टिंग. "गाडी आहे की सासू?" म्हणायचा. आता पेटी डिकीत ठेवावी, तर नाही. पेटीलाच पट्टा लावावा, तर तेही नाही. साहेबांना अपमान वाटायचा. डब्याला पट्टा? मी?

यावर बाजारात एक क्लिप मिळते. पट्ट्याच्या टोकाला जी धातूची जीभ असते ना, नुसती तेवढीच. बकलात खोचायची. गाडी फसते, घंटी बंद. मरायची सोय, दुसरं काय! स्वतःच्या बाजूला त्यानं अशी एक आधीच खोचून ठेवली होती, कोणीतरी फुकट दिली म्हणून. डावीकडे दुसरी हवी होती. पण एवढ्याशा पत्र्याला हा पैसे देईल? शक्य नाही. गेला भंगारवाल्याकडे. तिथे याच मॉडेलची एक गाडी पडलेली. अपघातातली. तिच्या डाव्या बकलात जीभ तशीच अडकलेली, वर चार बोटं पट्टा शिल्लक. पट्टा कापलेला होता. वेडावाकडा, घाईघाईत कापतात तसा.

"म्हणजे कोणाला तरी कापून बाहेर काढलं असेल," डॉक्टरीण म्हणाली.

काढलं असेलच. जिवंत की कसं, ते भंगारात कळत नाही. भंगारवाला म्हणाला, "साहेब, ती नका नेऊ. राहू द्या तिथे." हा म्हणाला, "का, तुझ्या बापाची आहे?" ओढून काढली. पट्ट्याचा तुकडा ब्लेडनं उडवला, जीभ आपल्या गाडीत खोचली आणि मला दाखवायला घरी आला. वर सांगतो, "मास्तर, यासाठी डोकं लागतं."

आता त्या रात्रीचं. याच वर्षीची बावीस फेब्रुवारी, गुरुवार. अमावास्या वगैरे काही नव्हती. चांगलं पिठूर चांदणं होतं. भुतं काय कॅलेंडर बघून निघतात?

साडूची मुलगी, माझी भाची, शेजारच्या शहरात हॉस्पिटलात नर्स. एकुलती एक. तीन वर्षांची होती तेव्हा आई गेली, मग ह्यानंच वाढवली. वेणी घालण्यापासून सगळं. त्या माणसानं आयुष्यात एक काम नीट केलं असेल तर ते तेवढंच. तिच्यापुढे त्याची मिजास चालायची नाही. त्या रात्री तिची ड्यूटी लांबली, शेवटची बस चुकली. साडेदहाला फोन आला, "बाबा, न्यायला येता का?" हा निघाला. पेटी घरी काढून ठेवली. मुलगी बसणार म्हणून डावीकडची क्लिप काढून समोरच्या खणात टाकली. म्हणजे कळत होतं त्याला, पट्टा कशासाठी असतो ते. स्वतःच्या बाजूची मात्र तशीच.

गाव सोडलं. तलावाच्या काठाकाठानं रस्ता जातो, तिथे पोचला.

टिंग, टिंग, टिंग.

डावी सीट रिकामी. पेटी नाही, पिशवी नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. यानं सीटवर एक थापट मारली. थांबेना. गाडी बाजूला घेतली, उतरला, सीटखाली हात घालून बघितलं, गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग खणातली क्लिप काढून खोचली. बंद! पुन्हा काढली. टिंग, टिंग. खोचली, बंद. याचं निदान तयार: सेन्सर भिकार. पुढच्या लेखात एक परिच्छेद याच्यावर. खूश होऊन निघाला.

"म्हणजे घाबरला नाही?" पैलवानानं विचारलं.

घाबरायला आधी समजावं लागतं, पैलवान.

हॉस्पिटलच्या फाटकाशी मुलगी उभीच होती. पुढे बसली. ती शिस्तीची. क्लिप बघून म्हणाली, "बाबा, हे काय लावलंय? रोज रात्री आमच्याकडे कोण येतं माहितीये? हे लावणारे येतात." क्लिप काढून मागे फेकली आणि पट्टा लावला. टक्.

टिंग, टिंग, टिंग.

"बाबा, मी पट्टा लावलाय."

"सेन्सर गेलाय. लक्ष नको देऊ."

"आणि ही सीट अशी काय?"

"अरुंदच आहे. मी लिहिलंय ते. माणसांसाठी बनवलेलीच नाही."

तलाव आला. घंटी चालूच.

"बाबा."

"काय?"

"मागच्या वेळी अरुंद नव्हती."

यानं वळून बघितलं. मुलगी दाराला चिकटून बसली होती. खांदा काचेला टेकलेला. दोन्ही गुडघे एका बाजूला. बसमध्ये शेजारी कोणी जाडजूड माणूस येऊन बसला की आपण बसतो, तशी.

"सरक ना इकडे."

"सरकता येत नाही."

"का?"

...

"अगं, का?"

"बाबा... गाडी थांबवा."

थांबवली. ती उतरली. उतरली म्हणजे काय, दार उघडल्याबरोबर बाहेर पडली. जवळजवळ ढकलल्यासारखी. मागे जाऊन बसली. याला म्हणाली, "निघा. घरी चला." पुढची सीट आता साफ रिकामी. चांदण्यात शिवणसुद्धा दिसत होती.

टिंग. टिंग. टिंग.

आता मात्र माझा साडू सेन्सर विसरला. म्हणाला, "पट्टा लाव."

"इथे बकल नाहीये."

नव्हतंच. सीटला त्यानं शिवून घेतलेली कव्हरं घातली होती. चापूनचोपून. मागची बकलं सगळी त्याच्याखाली गडप. त्या कव्हरांवर अख्खा लेख लिहिला होता या गृहस्थानं, फोटोंसकट! आता हात फिरवतोय, बकल लागेना. शेवटी किल्ली घेतली आणि कव्हर फाडलं. उभं. टराटरा. स्पंजात बोटं घालून बकल वर ओढलं. मुलीला स्वतःच्या हातानं पट्टा लावला. ओढून बघितला. पुन्हा ओढून बघितला.

मागे पडलेली ती क्लिप त्याच्या हाताला लागली. ती घेऊन तो पुढे येऊन बसला, किल्ली फिरवली.

टिंग. टिंग.

क्लिप बकलापर्यंत नेली. एक सेकंदाचं काम. खोचायची, घंटी बंद, घरी जायचं.

हात तिथेच राहिला.

मी त्याला नंतर विचारलं, का नाही खोचलीस? म्हणाला, "मास्तर, मी त्याचाच पट्टा काढून आणला होता हो."

काच खाली केली. क्लिप तलावात फेकली. मग वाकला. रिकाम्या सीटवरून हात नेला, तिकडचा पट्टा धरला. ओढला. सीटवरून आडवा आणला... आणि लावला. पेटीला पट्टा लावायची लाज वाटायची ना, त्या माणसानं.

टक्.

घंटी थांबली.

गाडीत एकदम शांतता. मागे मुलीचा श्वास. समोर इंजिन.

रिकाम्या सीटवर पट्टा लावला की तो पाठीला चिकटतो. घरी जाऊन लावून बघा. हा चिकटला नाही. वीतभर पुढे राहिला. हवेत. ताठ.

साडू बघत राहिला.

पट्टा थोडा पुढे आला.

मागे गेला.

पुढे आला.

...

"बाबा, काय झालं?"

"काही नाही."

"पट्टा हलतोय का?"

"पुढे बघू नको."

मग त्यानं आपल्या बकलातली क्लिप उपसली आणि स्वतःचा पट्टा लावला. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा. निघाला. डावीकडे त्यानं बघितलं नाही. नुसतं ऐकू येत होतं. कापडावर कापड घासल्यासारखं. हळू... पुन्हा हळू...

तलाव संपला की मोठं वळण आहे. दोन्हीकडून झाडं, वर कमान. चांदणं आत येत नाही. वळणावर एक ट्रक उभा होता. बंद पडलेला. मागे दिवा नाही, दगड नाही, फांदी नाही. ड्रायव्हर आत झोपलेला. अशांना मी लायसन्स मिळवून दिली असतील, नाही म्हणत नाही. आणि साडूच्या त्या दोन मेणबत्त्या.

त्याला ट्रक दिसला तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक मारला. गाडी उजवीकडे ओढली.

डावी बाजू ट्रकखाली गेली.

मास्तर थांबले. पैलवानानं खुर्ची थोडी पुढे घेतली. डॉक्टरीण म्हणाली, "मुलगी?"

मुलीची गळ्याखालची हसळी मोडली, पट्ट्याच्या जागी. दीड महिन्यानं कामावर गेली. साडूच्या दोन बरगड्या. आता तो बसनं फिरतो आणि बसला शिव्या देतो. माणूस बदलत नाही, कशाला बदलेल?

गाडी मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीच्या आवारात बघितली. पुढची डावी सीट डॅशबोर्डनं निम्मी खाल्ली होती. त्या सीटवर माणूस असता तर, मी चाळीस वर्षं गाड्या बघतोय, असो. पट्टा तसाच लावलेला होता. बकल दाबून बघितलं, सुटेना. पट्टा पुढे ओढलेला आणि तिथेच अडकलेला, आत जाईना. खांद्याजवळ तो ज्या कडीतून येतो, तिथे बोटभर रुंदीचं कापड घासून वितळल्यासारखं चकचकीत झालं होतं. गाडी आपटते तेव्हा पट्ट्यावर माणसाचं वजन येतं, तेव्हा तसं होतं; जितकं वजन जास्त, तितका डाग रुंद. मुलीच्या पट्ट्यावर तसा डाग होता. साडूच्या पट्ट्यावर होता.

डावीकडचा सगळ्यात रुंद होता.