मिठानं खाल्लेली बोटं

ठाण्याच्या कचेरीतून बोटांचे ठसे घ्यायची पेटी घेऊन सुभाष खाडीकाठच्या वस्तीत उतरला तेव्हा अकरा वाजले होते. काम किरकोळ. दोनची एसटी पकडायची आणि घरी जाऊन जेवायचं, एवढाच त्याचा बेत. एकोणऐंशी सालचा मे महिना होता. मिठागरांवरून असा उजेड उसळत होता की डोळे उघडे ठेवणं कठीण.

मैना ही मिठागरावरची मजूर. तिचा कुणीतरी गळा आवळला होता, आणि नवरा म्हणून संशयावरून जानू कोठडीत. तिच्या झोपडीतल्या कंदिलाच्या काचेवर सुभाषनं पावडर फिरवली, तर एक अंगठा लख्ख उमटला. मधोमध जुन्या जखमेचा आडवा व्रण. हातच्या काकणाला आरसा कशाला!

दारात मैनाची आई गिरजाबाई बसली होती. तिनं दोन्ही पंजे त्याच्यापुढे धरले. बोटं काचेसारखी गुळगुळीत.

"मिठान खाल्ली, साहेब. आमचे सगल्यांची अशीच. जानूची पन. माजी पोर गेली, जावय तरी सोरवा."

"मावशी, या काचेवर रेषा आहेत. म्हणजे हात जानूचा नव्हे. सुटेल तो. माणसं खोटं बोलतात, ठसा बोलत नाही."

असं बोलायची संधी त्याला क्वचितच मिळे. त्याला फार बरं वाटलं.

आता मैनाचे ठसे घेतले की काम संपलं. नियमच तसा. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत तिला बर्फावर ठेवलं होतं. खाडीच्या चिखलाचा वास, आणि लादीवरून पाणी... टप... टप. सुभाषनं तिचा अंगठा पुसला, शाई लावली, कागदाची पट्टी दाबली. नुसता काळा डाग. खात्रीसाठी त्यानं दुसरी पट्टी घेतली.

पट्टीवर पुसट रेषा होत्या. तिसरीवर ठळक. मधोमध आडवा व्रण.

त्यानं भिंगातून बोट पाहिलं. बोट गुळगुळीतच. त्यानं करंगळीचा ठसा घेतला. कागदावर तोच अंगठा...

"काय मिळालं, सुभाषराव?"

दारात या तपासाचे फौजदार उभे होते. आत येऊन त्यांनी पेटीतली कंदिलाची काच उचलली, उजेडात धरली आणि सोडली. फरशीवर चुरा झाला.

"सुटली बुवा हातातून." मग पट्ट्यांसाठी हात पुढे आला. अंगठ्यावर आडवा व्रण. "मिठातली बाई... हिचा ठसा कुठला मिळायला? तुम्हाला मुलं किती म्हणालात?"

सुभाष घाबरला. सरळ सांगायचं तर भित्रा ठरला. पट्ट्या त्यानं देऊन टाकल्या आणि रिपोर्टवर लिहिलं: ठसे मिळाले नाहीत.

बाहेर गिरजाबाई उठून उभी राहिली. "सुटंल ना, साहेब?"

तो खाली मान घालून दोनच्या एसटीत चढला.

जानूला जन्मठेप झाली. तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच गेला. गिरजाबाई त्याच्याही आधी.

चौऱ्याऐंशी साली कचेरीतल्या सगळ्यांचे ठसे नव्यानं घेतले. कारकून दत्तूनं सुभाषचा अंगठा कागदावर दाबला आणि तोंड भरून हसला.

"साहेब, एवढी मोठी आडवी जखम कधी झाली?"

सुभाषनं शाई पुसून अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. जखम नव्हती. एक रेषाही नव्हती.